खुलासा

गाडी घेतली ती पाच वर्षं वापरलेली, काळी, पेट्रोलची,
इस्लामपूरच्या एका ठेकेदाराच्या मुलाकडून.
चावी देताना तो एवढंच म्हणाला,
"मॅडम, हिला पळवा. हळू चालवली की रुसते."
मीटरवर सरासरी सात पूर्णांक नऊ.
तो आकडा मी अब्बांपासून लपवला,
लॅबमधले काही रिपोर्ट
नातेवाइकांपासून दुपारपर्यंत लपवते तसा.

त्यांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं,
"केपीटीएल किती?"

एकतीस वर्षं सातारा डेपो.
दहा लिटरला किती किलोमीटर,
दर महिन्याला फळ्यावर, नावासमोर, खडूने.
दस्तगीर बापूलाल मुलाणी : अठ्ठेचाळीस.
कधी एकोणपन्नास.
कुणाचा आकडा घसरला की साहेबांचा कागद यायचा,
खुलासा करावा.
अब्बांना तो कागद कधी आला नाही.

"एकोणऐंशी," मी म्हणाले.
ते काही बोलले नाहीत. डिकी उघडली.
बाहेर काढलं : स्लाइडचे दोन खोके, चार छत्र्या,
दुरुस्तीला न्यायचा राहिलेला मिक्सर,
आणि वाळूची एक पिशवी,
जिचं कारण मलाही आठवेना.
मग बॉम्बे रेस्टॉरंट चौकात चारही चाकांत हवा,
सकाळी, टायर गार असताना.
हवावाल्याच्या गेजवर विश्वास नाही,
खिशात स्वतःचा.

मग माझा पाय.
"झोपलेल्या माणसाच्या अंगावर चादर टाकतेस ना,
तसा ठेव."
"लांबचा सिग्नल लाल दिसतोय, मग कुठं पळतेस?
ब्रेक दाबलास म्हणजे
मागच्या फर्लांगाचं पेट्रोल रस्त्यावर ओतलंस."
यवतेश्वरच्या उतारावर मी न्यूट्रल करायला गेले
तर हातावर चापट. मी बेचाळीस वर्षांची.
"गिअरमध्येच राहू दे. पाय काढ."
खाली सातारा, दिवे लागत होते,
आणि मीटरवर नव्व्याण्णव पूर्णांक नऊ.
"अब्बा, फुकट!"
"फुकट कसलं. चढताना नोट दिलीस,
हे सुट्टे परत आले."

औषध कंपनीच्या जुन्या डायरीत आकडे चढत गेले.
नऊ पूर्णांक सहा. अकरा. बारा पूर्णांक दोन.
मागून टेम्पो हॉर्न देऊन पुढे जायचे,
एकदा तर ऊस भरलेला ट्रॅक्टर
वाढे फाट्यावर आमच्याशी बरोबरी करून गेला.
दोनशे घोडे टांग्याला जुंपलेले,
आणि अब्बा शेजारी समाधानात, पट्टा लावून.
तेरा पूर्णांक एक.
"एकशे एकतीस," ते म्हणाले,
आणि फळा शोधावा तसं समोरच्या काचेकडे बघत राहिले.

कराडहून परत येत होतो,
त्यांच्या डोळ्याची पट्टी काढून. रविवार, पहाट सरलेली,
नागठाण्याच्या पुढे रस्ता एकदम रिकामा.
"ही पळते कशी?"
मी ऐकलंच नाही असं दाखवलं.
"साठाला कुलूप होतं आमच्या गाड्यांना," ते म्हणाले,
"त्याच्या पुढचं मी काही बघितलेलं नाही."

मी चादर ओढून काढली.

गाडीने दोन गिअर खाली टाकले, एक श्वास घेतला,
आणि पाठ सीटमध्ये रुतली, दोघांचीही.
कडेची झाडं, ढाबे, मैलाचे दगड
कुणीतरी भराभर आवरून घेतल्यासारखे.
मीटरचा आकडा कोसळत होता. मी बघितला.
अब्बांनी नाही.
त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला गेलेला.
ब्रेक, मला वाटलं.
पण त्यांचा ब्रेकचा पाय मी लहानपणापासून ओळखते,
इंजिनाशेजारच्या सीटवर बसून पाठ केलेला.
हा तो नव्हता.

शेंद्र्याला मी पाय काढला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग ते खोकले, "टायर चांगले आहेत."

रात्री डायरी उघडली.
त्या दिवसापुढे त्यांच्या तिरक्या अक्षरात
दहा पूर्णांक चार,
खाली पट्टीने आखलेली रेघ,
आणि रेघेखाली, सहीसकट,
खुलासा : रस्ता मोकळा होता.